स्प्रिंट संपतो, काम संपत नाही

आलेला प्रश्न थोडक्यात असा: आठ जणांची टीम आहे. पाच डेव्हलपर, एक टेस्टर, एक बिझनेस अ‍ॅनालिस्ट आणि एक लीड. काम विमा कंपनीच्या पोर्टलचं. दीड वर्ष दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे) चालू आहेत, रोज स्टँड-अप (छोटी उभ्याची बैठक) होतो, रेट्रो (टप्प्याअखेर काय सुधारायचं याची बैठक) होतो, तरी दर वेळी निम्म्या स्टोऱ्या (कामाचे तुकडे) पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलल्या जातात, कारण मधेच प्रॉडक्शनची, म्हणजे चालू पोर्टलमधल्या बिघाडांची, तिकिटं टपकतात. मॅनेजर म्हणतात, स्क्रम (ही स्प्रिंटची पद्धत) सोडा, कानबान (बोर्डावर कार्डं लावून काम वाहतं ठेवायची पद्धत) करा. क्लायंट म्हणतो, मला दर दोन आठवड्यांनी डेमो पाहिजेच. दोन्ही एकत्र चालतं का? चालत असेल तर सुरुवात कुठून करायची, आणि बोर्ड जिरात (कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवायचा की भिंतीवर?

चालतं. तुमच्यासारख्या टीमला, म्हणजे जिला नवीन कामही करायचंय आणि जुनंही सांभाळायचंय, तिला दोन्ही लागतातच. पण दोन्हीकडचे विधी गोळा करत बसलात तर मीटिंगा दुप्पट होतील आणि काम होतं तिथेच राहील. सुरुवात एकाच गोष्टीने करा: एका वेळी किती कामं हातात घ्यायची, याला मर्यादा घाला. बाकीचं नंतर बघू.

मी आधी भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चार वर्षं प्रॉडक्शनला होतो, मग हिंजवडीत आलो. पुण्याची ही एक गंमतच आहे. लीन (टोयोटाची अपव्यय कमी करायची पद्धत) भोसरी-चाकणमधल्या कारखान्यांत राहतं, अजाइल (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवायची रीत, स्क्रम त्यातलंच) हिंजवडी-खराडीतल्या आयटीत राहतं, मधे तासाभराचं अंतर, आणि दोघांची ओळख नाही. कारखान्यातला सुपरवायझर कानबान कार्ड लावलेला बिन रोज हाताळतो, पण त्याचा आयटीतला मुलगा 'कानबान' म्हणजे जिरातला एक प्रकारचा बोर्ड समजतो. कानबान हा जपानी शब्द, त्याचा अर्थ पाटी. पुण्यात पाटीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

खरं तर ही सोयरीक जुनी आहे. 'स्क्रम' हा रग्बीतला शब्द या क्षेत्रात आला तो ताकेउची आणि नोनाका यांच्या १९८६ च्या लेखातून, आणि तो लेख होता होंडा, कॅननसारख्या जपानी कंपन्यांमधल्या नवीन उत्पादनं घडवणाऱ्या टीमांवर. श्वेबर आणि सदरलँड यांनी स्क्रम जाहीरपणे मांडलं १९९५ मध्ये, आणि १७ जणांनी यूटामधल्या स्नोबर्डला बसून अजाइलचा जाहीरनामा लिहिला फेब्रुवारी २००१ मध्ये. टोयोटाच्या पद्धतीला 'लीन' हे नाव जॉन क्राफचिक यांनी १९८८ मध्ये दिलं. २०२० च्या स्क्रम गाईडमध्ये तर स्पष्टच म्हटलंय की स्क्रम अनुभवातून शिकण्यावर आणि लीन विचारावर उभं आहे. त्यामुळे 'स्क्रममध्ये कानबान घातलं की ते शुद्ध राहत नाही' असं कोणी सर्टिफिकेटवाला म्हणाला, तर मनावर घेऊ नका.

आता मुद्द्याचं. बोर्डाला हात लावण्याआधी नुकतंच पूर्ण झालेलं एखादं साधं तिकीट घ्या आणि त्याचा सगळा प्रवास तारखांसह कागदावर उतरवा. आम्ही एकदा घेतलं होतं ते असं: पॉलिसीच्या फॉर्मवर नॉमिनीचं नातं निवडायचा पर्याय हवा होता. ३ तारखेला, मंगळवारी, डेव्हलपरने ते हातात घेतलं आणि तीन तास काम केलं. एक शंका निघाली, ती क्लायंटला विचारली. उत्तर आलं शुक्रवारी. तोवर याने दुसरं तिकीट उघडलेलं. ते बाजूला ठेवून इकडे वळायला ११ तारीख उजाडली. दोन तासांत संपवलं आणि रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्या डेव्हलपरने कोड तपासायला, टाकलं. रिव्ह्यू करणारा प्रॉडक्शनच्या भानगडीत अडकलेला. त्याने १६ तारखेला बघितलं, वीस मिनिटांत. मग टेस्टिंगची रांग. टेस्टरने २० तारखेला तासभर तपासलं, एक चूक निघाली, तिकीट परत. दुरुस्ती २४ तारखेला, अर्ध्या तासाची. पुन्हा रांग, पुन्हा अर्धा तास तपासणी, आणि २६ तारखेला एकदाचं 'डन'.

बेरीज करा. हात लागले सात तास वीस मिनिटं. कामाचे दिवस गेले अठरा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस तास. शंभरातले पाच भाग काम आणि पंच्याण्णव भाग नुसतं पडून राहणं. यात कोणीही आळशी नव्हतं. उलट सगळे दिवसभर मान वर न काढता राबत होते, आणि म्हणूनच तिकीट पडून होतं. प्रत्येकाच्या हातात तीन-तीन कामं उघडी, तर कुठलं तरी एक कायम थांबलेलं असणारच.

भोसरीत हे दिसायचं. मशीनपुढे अर्धवट माल साचला की ट्रॉली फिरवायला जागा उरत नसे, मग सुपरवायझर ओरडायचा. कोड साचला की कोणाच्या पायाला लागत नाही. तो ब्रँचमध्ये (कोडच्या बाजूला ठेवलेल्या प्रतीत) निवांत झोपतो. म्हणून पाटी लागते. पाटीचं काम एवढंच, की जे डोळ्यांना दिसत नाही ते सलायला लागावं.

यामागचं गणित सोपं आहे आणि जुनं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. हातातली कामं भागिले कामं संपण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. तुमच्या बोर्डावर चोवीस तिकिटं उघडी असतील आणि आठवड्याला सहा संपत असतील, तर प्रत्येक तिकिटाला सरासरी चार आठवडे लागणार. तुमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा. मग निम्मं काम पुढे ढकललं जातं यात नवल काय? वेग तोच ठेवून उघडी तिकिटं बारावर आणलीत, तर काळ दोन आठवड्यांवर येतो. कोणाला ऑफिसात उशिरापर्यंत थांबवायला नको, कोणाला ओरडायला नको.

आकडे काय ठेवायचे? तुमच्या टीमला मी सांगेन: डेव्हलपमेंटमध्ये चार, रिव्ह्यूमध्ये दोन, टेस्टिंगमध्ये रांग धरून तीन. पाच डेव्हलपर असताना चारच का, असं लगेच विचारतील. मुद्दाम. पाचवा माणूस कोणाबरोबर तरी बसेल, रिव्ह्यू करेल, किंवा सपोर्ट बघेल. टेस्टिंग भरलं असेल तर पुढे काही ढकलायचं नाही आणि नवीनही उघडायचं नाही. भरलेली पायरी मोकळी करायला मदत करायची.

इथे पहिलं भांडण होतं. होऊ द्या. आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी एक डेव्हलपर वैतागून म्हणाला, "मी काय टेस्टर आहे का?" बळेबळेच टेस्टरशेजारी जाऊन बसला. दोन दिवसांनी त्याने एक स्क्रिप्ट लिहून आणली. झालं असं होतं, की प्रत्येक तिकीट तपासायला टेस्टरला वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या हप्त्यांच्या खोट्या पॉलिसी हाताने तयार कराव्या लागत, आणि त्यात दर वेळी चाळीस मिनिटं जात. दीड वर्षात कोणालाच हे माहीत नव्हतं, कारण ती बिचारी कधी बोलली नाही आणि आम्ही कधी तिच्या शेजारी बसलो नाही. स्क्रिप्टने ते काम दोन मिनिटांवर आलं. मर्यादेचा खरा उपयोग हा. ती तुमची अडचण सोडवत नाही, तुम्हाला अडचणीच्या शेजारी नेऊन बसवते.

हा आपल्या शेजारचाच एक किस्सा. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या आयटी विभागाची देखभालीची एक टीम होती, काम हैदराबादहून चालायचं. बदलाची विनंती टाकली की पूर्ण व्हायला पाच महिन्यांच्या आसपास लागत. द्रागोश दुमित्रिऊ यांनी ती टीम हाती घेतली आणि डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने तिचं काम बघितलं. दिसलं असं, की प्रत्येक नवीन विनंतीचा अंदाज काढायला डेव्हलपर आणि टेस्टर हातातलं काम सोडून बसत, आणि अंदाज काढलेल्यांपैकी पुष्कळ विनंत्या पुढे कधी हातीच घेतल्या जात नसत. त्यांनी अंदाज काढणं थांबवलं आणि डेव्हलपरच्या पुढची रांग छोटी ठेवली. पुढच्या काही महिन्यांत तो काळ दोनेक आठवड्यांवर आला. सॉफ्टवेअरमधलं कानबान पुढे या अनुभवातून उभं राहिलं.

तातडीच्या तिकिटांचं काय, हा तुमचा मूळ प्रश्न. बोर्डावर सगळ्यात वर एक वेगळी पट्टी आखा आणि तिच्यात एका वेळी एकच कार्ड. दुसरं आलं तर पहिलं संपेपर्यंत थांबेल, किंवा क्लायंटने सांगावं की यातलं कुठलं जास्त तातडीचं. तातडी म्हणजे काय हे मात्र आधी लेखी ठरवून घ्या. आमच्याकडे तीनच गोष्टी होत्या: पॉलिसी निघत नाही, पैसे अडकलेत, किंवा एकाची माहिती दुसऱ्याला दिसतेय. बाकी कितीही मोठ्या अक्षरांत 'क्रिटिकल' लिहिलेलं असो, ते साध्या रांगेत. हे ठरवण्याआधी मी मागच्या दोन महिन्यांची तिकिटं घेऊन क्लायंटबरोबर बसलो होतो. निम्म्याहून जास्त तिकिटांबद्दल तेच म्हणाले की हे आठवडाभर थांबलं असतं. शिवाय सपोर्टची पाळी लावा. या आठवड्यात हा, पुढच्या आठवड्यात ती. पाळीवर असलेल्याने स्प्रिंटचं काम घ्यायचं नाही. एक माणूस 'वाया जातो' म्हणून मॅनेजर कुरकुर करतील. त्यांना विचारा, आत्ता पाचही जणांचं लक्ष दिवसातून चार वेळा मोडतं, ते कुठल्या खात्यात धरताय?

आता स्क्रममधलं काय ठेवायचं. डेमो ठेवा, बिनशर्त. लीनचं एक दुखणं असं, की ते काम भराभर वाहतं करून देतं, पण ते काम करण्यालायक होतं का, हे विचारत नाही. निदान आपण तरी विचारायला विसरतो. आम्ही एकदा दाव्यांचा अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची सोय अवघ्या पाच दिवसांत दिली आणि स्वतःवर खूष होतो. डेमोत क्लायंटच्या शाखेतल्या एक बाई म्हणाल्या, "आम्हाला फक्त रोज सकाळी किती दावे अडकलेत तो आकडा मेलवर पाहिजे होता हो." तैइची ओनो यांनी टोयोटात सात प्रकारचा अपव्यय सांगितला, त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं हा त्यांच्या लेखी सगळ्यात वाईट. आमचा तो अहवाल त्यातलाच. तो पकडला डेमोने. बोर्डावर तर ते कार्ड अगदी गुणी बाळासारखं डावीकडून उजवीकडे गेलं होतं.

रेट्रो ठेवा, पण त्यातून एकच सुधारणा निघू दे आणि ती कार्ड म्हणून बोर्डावर लावा, बाकीच्या कामासारखीच मर्यादेत मोजा. भोसरीत आमच्यावर महिन्याला माणशी दोन काईझेनचं (छोट्या सुधारणांचं) टार्गेट होतं. महिनाअखेर आली की लोक 'पंख्याची दिशा बदलली', 'झाडूला खुंटी ठोकली' असं लिहून द्यायचे, फोटोसकट. आयटीतल्या रेट्रोत चौदा अ‍ॅक्शन आयटम निघतात तेव्हा मला तो पंखा आठवतो.

स्प्रिंट प्लॅनिंग मात्र छाटा. दर सोमवारी पाऊण तास, क्लायंटबरोबर, पुढची पाच कामं क्रमाने लावायची, बस्स. स्प्रिंटला एका ओळीचं उद्दिष्ट असू दे, पण 'इतक्या स्टोऱ्या संपवूच' अशी शपथ नको. स्क्रम गाईडनेसुद्धा २०११ मध्येच 'वचन' काढून तिथे 'अंदाज' असा शब्द घातला होता. आपल्याकडे तो बदल पोचायचा आहे.

स्टोरी पॉइंटबद्दल, म्हणजे कामाच्या आकाराला द्यायच्या अंदाजी गुणांबद्दल, माझं मत जरा तिखट आहे. तीन की पाच यावर आठ माणसं वीस मिनिटं वाद घालतात आणि मग त्या पॉइंटांचा वेग वरच्यांच्या स्लाइडवर जातो. एकदा तो तिथे गेला की पॉइंट फुगायला लागतात, कालचे तीन आज पाच होतात. त्यापेक्षा कामं लहान तोडा, साधारण दोन-तीन दिवसांत होतील एवढी, आणि मोजा. तारीख विचारली तर मागच्या चाळीस कामांचा इतिहास काढा. त्यातली चौतीस बारा दिवसांच्या आत झाली असतील, तर सांगा: असं काम बारा दिवसांत होण्याची शक्यता पंच्याऐंशी टक्के. क्लायंटला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. दुसऱ्या महिन्यात तारखा खऱ्या व्हायला लागल्या की तोच आकडा मागायला लागतो. फिक्स्ड प्राइसचं कॉन्ट्रॅक्ट असेल आणि त्यात प्रत्येक बाबीचे तास लिहिलेले असतील, तर मात्र सुटका नाही, अंदाज द्यावाच लागेल. तो बिझनेस अ‍ॅनालिस्ट आणि लीडने द्यावा, पूर्ण टीमला बसवू नये.

टोयोटाकडून अजून एक गोष्ट घ्या: चूक दिसली की थांबणं. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. इचलकरंजी-सोलापूरच्या मंडळींना याचं मोल समजावायला नको. धागा तुटूनही माग चालू राहिला तर वारच्या वार खराब कापड निघतं. तुमच्याकडे बिल्ड (सगळ्यांचा कोड जोडून होणारी आपोआप तपासणी) लाल झाला, म्हणजे नापास झाला, की काय होतं? बहुतेक ठिकाणी 'बघतो नंतर' होतं आणि वरून आणखी चार जण कोड टाकतात. नियम करा, लाल असेपर्यंत दुरुस्तीखेरीज काहीही चेक-इन नाही. आणि थांबवणाऱ्याला कोणी काही बोलायचं नाही. लोकांना वाटतं टोयोटात चूक दिसल्यावर कामगाराने लाइनवरची दोरी ओढली की कारखाना ठप्प होतो. तसं नसतं. दोरी ओढली की टीमचा म्होरक्या धावत येतो. गाडी तिच्या टप्प्याच्या शेवटी पोचेपर्यंत प्रश्न सुटला तर लाइन चालूच राहते, नाही सुटला तरच थांबते. म्हणजे दोरी ही आधी मदतीची हाक आहे.

मॅनेजर लीनच्या नावाखाली जे मागतील, त्यासाठी तयार राहा. सर्व्हिस कंपन्यांत टाइमशीट आणि युटिलायझेशन (माणूस किती टक्के वेळ कामात आहे) हाच देव. 'लीन म्हणजे कोणी रिकामं बसू नये' असा अर्थ ते सोयीने काढतात. रांगेचं गणित याच्या बरोबर उलट सांगतं. सगळ्यात साधी रांग घ्या: एक खिडकी, गिऱ्हाइकं कधीही येतात, प्रत्येकाचं काम कमी-जास्त लांबीचं. खिडकी ८० टक्के वेळ व्यस्त असेल, तर स्वतःच्या कामाला लागतो त्याच्या चौपट वेळ रांगेत जातो. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. तुमची टेस्टर ही ती खिडकी आहे. तिचं कॅलेंडर शंभर टक्के भरून ठेवणं हे तुमच्या उशिराचं कारण आहे, आणि वरून शाबासकी मिळतेय ती त्याच भरलेल्या कॅलेंडरला. हे तीन आकडे कागदावर लिहून मॅनेजरपुढे ठेवा. मी ठेवले होते. एका वेळी पटले, एका वेळी नाही. जिथे नाही पटले तिथे आम्ही टाइमशीट भरत राहिलो आणि बोर्डावरची मर्यादा मात्र गुपचूप पाळली.

कारखान्यातलं सगळंच मात्र उचलू नका. तिथे हजार नग सारखेच हवे असतात, म्हणून प्रत्येकाला लागणारा वेळ घड्याळावर बसवता येतो. आपल्याकडे प्रत्येक तिकीट वेगळं. घड्याळ लावून डेव्हलपरचे हात मोजायला लागलात, की लोक सोपी तिकिटं आधी उचलतात आणि अवघड खाली सरकत राहतात.

क्रम असा ठेवा: पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त आहे तसा बोर्ड मांडा, 'रिव्ह्यूसाठी थांबलंय', 'टेस्टिंगसाठी थांबलंय', 'क्लायंटच्या उत्तरासाठी थांबलंय' असे थांबण्याचे रकाने वेगळे दाखवून. तिसऱ्या आठवड्यात मर्यादा आणि तातडीची पट्टी. दुसऱ्या महिन्यात पॉइंट सोडून दिवस मोजायला लागा. स्टँड-अपमध्ये 'काल मी काय केलं' हे एकेकाला फेरीने विचारणं बंद करा. उजवीकडच्या, म्हणजे संपत आलेल्या कार्डापासून सुरुवात करा आणि विचारा, याला काय अडलंय.

जिरा की भिंत? सगळे एका मजल्यावर बसत असाल तर पहिले दोन महिने भिंत. रोज सकाळी जे कार्ड जागचं हललं नसेल त्याच्यावर पेनने एक टिंब द्यायचं. आमच्याकडे एका कार्डावर अकरा टिंबं झाली होती. बाराव्या दिवशी क्लायंटकडचे एक साहेब मीटिंगसाठी आले, भिंतीपुढे उभे राहिले आणि विचारलं, "याला गोवर आलाय का?" ते कार्ड त्यांच्याच उत्तरासाठी थांबलेलं होतं. उत्तर दुपारपर्यंत आलं. टीमचे दोन-तीन जण घरून काम करत असतील तर जिरावाचून गत्यंतर नाही. तिथे रकान्यांना कमाल मर्यादा टाकता येते आणि एकाच जागी बरेच दिवस राहिलेल्या कार्डावर टिंबं दाखवायची सोयही आहे. पण मर्यादा ओलांडली तर जिरा फक्त रकाना लाल करतो, कार्ड अडवत नाही. ते अडवायचं काम लीडने स्वतः करायचं.